काचेची पट्टी

आधी ताटं बोलली.
फळीवर उभी केलेली, लग्नातली, पितळी,
वर्षातून दोनदा चिंचेने घासते ती.
काठाला काठ लागून किणकिणली
आणि मी सोलांचं सूप हातात घेऊन
मधल्या दारात तशीच थांबले.

दुपारचे तीन वाजायला आले होते.
डिचोलीचा बाजार शटर ओढून झोपलेला,
आमच्या वाड्यावर कुत्रंसुद्धा भुंकायच्या मनःस्थितीत नाही.

मला वाटलं, खाण सुरू झाली.
खरं सांगते, पहिला विचार तोच.
सहा वर्षं बंद पडलेली खाण
आज परत उघडली
आणि भोंगा द्यायचा तेवढा विसरले.
मग बँकेचा हप्ता, रुद्रेशचं परत येणं,
अंगणात ताडपत्रीखालचा टिप्पर
(बोनेटात मुंगसीण व्यालीय, तिला कुठे हलवायचं),
एवढं सगळं त्या चार सेकंदांत
माझ्या डोक्यात चालू पडलं.
मी हसलेसुद्धा असेन.

पुंडलीक पंचा सावरत बाहेर आला.
तीस वर्षं सुरुंग पेरलेला माणूस.
डावा कान कंपनीला दिला,
उजव्याने ऐकतो ते फक्त मी हळू बोलते तेव्हा.
काही न विचारता उंबऱ्याशी बसला
आणि तांबड्या कोब्यावर तळहात टेकवला,
गाभण म्हशीच्या पोटावर
रेडकू फिरलं का बघायला टेकवतात तसा.
बराच वेळ.
मग म्हणाला,
"हो आमचो न्हय गे."

आपला नाही.
आपला खालून येतो म्हणाला, टाचेत बसतो, उठतो, जातो.
हा कडेने आला. चालत.

कुंपणापलीकडून इनासिन ओरडली,
गॅस कोणाचा फुटला?
हातात फणसाचा कोयता, कोपरापर्यंत तेल.
वारा नव्हता, माडाचं एक पातं हलत नव्हतं,
पण विहिरीत डोकावले तर
पाणी एका काठावरून दुसऱ्या काठाला
जाऊन परत येत होतं,
काहीतरी हरवल्यासारखं.

रुद्रेशचा बेल्लारीहून फोन आला.
बातमीत वाचलं, घाटापलीकडे कुठेतरी झाला, बारकाच.
त्याने आकडा सांगितला.
इतका लहान की मला घाबरल्याची लाज वाटली,
आणि हसल्याची त्याहून जास्त.
ती मी त्याला सांगितली नाही.

मग आठवण झाली पट्टीची.

बाळंतिणीच्या खोलीत भिंतीला चीर आहे.
कंपनीचा इंजिनियर येऊन
चिरेवर आडवी काच चिकटवून गेला होता,
बाजूला निळ्या पेन्सिलने तारीख.
काच फुटली तर घर हललं समजायचं.
अर्ज करा, भरपाई मिळेल.
पुढची अकरा वर्षं पुंडलीक
कामावरून आला की हात धुवायच्या आधी
बॅटरी घेऊन त्या खोलीत जायचा,
आज आपण आपलं घर फोडलं का बघायला.
नाही फुटली.
कधी कधी वाटायचं, फुटली असती तर
न्हाणीघरावर पत्रे तरी पडले असते.

आज फुटलीय.
तिरकी, केसाएवढी,
बोट फिरवलं तरच कळते.

कोणाला दाखवणार?
इंजिनियर कुठे गेला कोण जाणे.
ऑफिसच्या फाटकावर घोसाळ्याचा वेल चढलाय.
अर्जाचा कागद कपाटात अजून आहे,
त्यावर एक रकाना, धक्क्याचे कारण,
आणि खाली सहीची जागा
दोन माणसांची.

पुंडलीक चिरेसमोर उभा राहिला.
बॅटरी लावली, विझवली, परत लावली.
मला वाटलं काही बोलेल.
म्हणाला, पेज निवली.

रात्री ताटं परत लावताना
प्रत्येकीत बोटभर अंतर ठेवलं,
मग दिवा घालवायच्या आधी उठले
आणि परत एकमेकींना टेकवली.
बोलायचं झालं तर बोलू देत.